एक जूनची जिजाबाई

आमच्या भागात गाय भरवून आणली की शेतकरी डॉक्टरला काही विचारत नसे. तो जिजाबाईला विचारायचा, "बाई, गाय कधी येईन?", म्हणजे कधी व्याईल. जिजाबाई अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायची आणि सांगायची, "महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी. दोन दिवस इकडं-तिकडं." गाय असली तर नऊ महिने नऊ दिवस, म्हैस असली तर दहा महिने दहा दिवस. कागद लागत नव्हता की पेन लागत नव्हतं. आणि गाय खरंच महाशिवरात्रीच्या आगेमागे व्यायची. मंगरूळपीर तालुक्यातल्या त्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर येत होते, बदलून जात होते. जिजाबाई परिचर म्हणून अठ्ठ्याऐंशी साली लागली ती तिथंच राहिली. पाणी भरणं, झाडणं, बैल खोड्यात घालणं, सुया उकळणं, आणि अलीकडं जनावराच्या कानात बिल्ला मारला की त्याचा बारा आकडी नंबर रजिस्टरात उतरवणं. वासराची जन्मतारीख ती वेळेसकट लिहायची. "अंदाजे" हा शब्द तिनं कधी लिहिला नाही.

मी भागवत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालो. जिजाबाई आणि मी पहिलीच्या एकाच वर्गात होतो. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तरी एका वर्गात कसे, ते पुढं येईलच. ती मला दादा म्हणते, दिवाळीला येते, पाया पडते, आणि माझी बायको तिला भाजी देऊ करते तेव्हा हसते. भाजीवाल्याच्या पोरीला भाजी द्यायची म्हणजे विहिरीला तांब्याभर पाणी. तिचे वडील पुंजाजी आसेगावच्या अलीकडं आमच्या खेड्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवत आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजार करत.

दवाखान्याच्या खिडकीत एक रेडिओ होता. एका जुन्या डॉक्टरांनी आणून ठेवला होता, गाणं चालू असलं की खोड्यातलं जनावर लाथ कमी मारतं म्हणून. लाथा किती कमी झाल्या देव जाणे, पण सकाळी आठला जिजाबाई कान पिळायची आणि रेडिओ दिवसभर बोलत राहायचा. गेल्या वर्षी डिसेंबरात एका गुरुवारी गाणी लागायच्या वेळेला गाणी लागलीच नाहीत. एका बाईंचा आवाज आला. बाई म्हणाल्या, "तुम्ही पाहुण्याला 'आठ दिवसांनी या' म्हणता आणि तो सातव्या दिवशी येतो. दोन आठवड्यांना पंधरा दिवस म्हणता. मग तो एक दिवस जातो कुठं?"

जिजाबाई झाडू हातात धरून उभी राहिली. हे तिनं मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना पुन्हा तशीच उभी राहिली. "दादा, मी छत्तीस वर्सं लोकायले 'आठ दिवसानं आना' म्हनून राह्यली. अन् आजचा दिवस मोजला का नाई मोजला, याचा कधी इचारच नाई केला!"

कार्यक्रम रोजच्या जगण्यातल्या आकड्यांवर होता. दर गुरुवारी वीस मिनिटं. धान्य मापताना पहिल्या पायलीला 'एक' न म्हणता 'लाभ' का म्हणतात. एसटीची वाट बघताना नेहमी उलट दिशेची गाडी आधी का येते. डोळे मिटून वाटाण्याचा ढीग कसा मोजावा. जिजाबाईला वेडच लागलं. सातवी शिकलेली बाई, पण गुरुवारी दवाखान्यात आलेल्या शेतकऱ्यांना आधी आकडा ऐकावा लागे, मग त्यांच्या बैलाला सुई मिळे. लोक तिला 'रेडिओबाई' म्हणायला लागले. "बाई, आज काय म्हनलं व रेडिओनं? मायी म्हैस हसून राह्यली का नाई ते सांग." ती चिडायची नाही. तिच्या आयुष्यात आकडे नेहमी ओझ्यासारखे आले होते, लिहायचे, पाठ करायचे, सायबाला दाखवायचे. कोणी ते नुसते मजेसाठी समोर ठेवतं हे तिला पहिल्यांदा कळलं होतं. तेवढे दोन महिने ती फार आनंदात होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

फेब्रुवारीत रेडिओवरच्या बाईंनी वाढदिवसांचं सांगितलं. तेवीस माणसं एकत्र केली तर त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. एकेचाळीस असली तर शंभरातून नव्वद वेळा तसं होतं. बाई म्हणाल्या, "आपल्या जुन्या वर्गाची यादी काढा, बघा, आणि आम्हाला पत्र लिहा."

त्याच दिवशी दुपारी जिजाबाई माझ्या दारात. "दादा, चाला शाळेत. आपल्या वर्गाचं रजिस्टर काढू."

मी गेलो. जायला नको होतं, पण नाही म्हणायला कारण सापडलं नाही. नव्या मुख्याध्यापकांनी कपाटातून एकाहत्तर सालचं दाखल रजिस्टर काढून दिलं. माझ्या वडिलांचं अक्षर, मोत्याच्या दाण्यासारखं. नानाजी गुरुजी म्हणून त्यांना अजून पंचक्रोशी ओळखते. जिजाबाई बोट ठेवून वाचत गेली. एक जून एकोणीसशे पासष्ट. एक जून पासष्ट. एक जून पासष्ट. एकेचाळीस नावं, त्यातल्या अडतीस जणांचा जन्म एक जूनचा. तिचा आणि तिच्या सख्ख्या भावाचाही, दोघांचा एकाच दिवशी, एकाच साली. उरले तीन: पोलीस पाटलाचा मुलगा, कारंज्याहून दाखला घेऊन आलेली एक मुलगी, आणि मी. माझ्या नावापुढं चौदा ऑगस्ट पासष्ट.

"बाई म्हनते दोघायचा एक निंगाला तं नवल नाई," जिजाबाई हळूच म्हणाली. "हे तं अडतीस हायेत, दादा."

यात तुम्हाला नवल वाटलं तर तुम्ही शहरातले. आमच्याकडं माझ्या वयाच्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळा जूनमध्ये उघडायची, बाप पोराला घेऊन यायचा, गुरुजी वय विचारायचे, बाप म्हणायचा तुमीच पाहा. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. मग सहा वजा करायचे आणि एक जून लिहायचं. जिजाबाईचा भाऊ खरोखर सहाचा होता. तो एकटा बसेना, रडून गोंधळ घातला, म्हणून पुंजाजींनी त्याच्यासोबत हिलाही बसवलं. हिचा जन्म सदुसष्टच्या पोळ्याच्या करीचा. म्हणजे चार पुरे व्हायलाही तीन महिने बाकी. चार वर्षांच्या पोरीला बाराखडी येईना म्हणून ती पहिलीत दोनदा नापास झाली आणि गुरुजींनी तिला मंदबुद्धी ठरवलं. ती स्वतःला मंद समजत मोठी झाली. ते 'मंद' त्या साल्या तारखेत होतं.

तिनं पत्र लिहिलं. आणि काय सांगू, रेडिओवर ते वाचलं गेलं! दवाखान्यात त्या दिवशी चौदा शेतकरी होते आणि चौदाही खिडकीपाशी गोळा झाले. बाईंनी तिचं नाव, गावाचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "जिजाबाई, दोघांचा वाढदिवस जुळतो तो योगायोगानं. अडतीस जणांचा जुळला असेल तर ते कुणाच्या तरी पेनानं जुळवलेलं आहे."

हे वाक्य ऐकून तिला जे सुचलं ते मला सुचलं असतं तर मी आधीच गाव सोडून गेलो असतो. आम्ही शिक्षक अठ्ठावन्नला निवृत्त होतो, परिचर साठला; तिची साठी कागदावर एक जूनला भरत होती. म्हणजे एकतीस मेला नोकरी संपणार. खऱ्या जन्मानं ती संपायला हवी होती दोन हजार सत्तावीसच्या सप्टेंबर अखेरीला. तिनं पेरांवर मोजलं: आठशे बावन्न दिवस. "मले कोनाचं काई नाई पायजे, दादा. हे दिवस माये हायेत. घरी बसली तं सून भाकर देईन, वंगाळ नाई ती. पन गाय कधी येईन हे मले घरी कोन इचारंन?"

ती खात्याच्या ऑफिसात गेली. तहसीलमधून जुन्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल काढून घेऊन गेली. नकलेत सदुसष्टचा सप्टेंबर होता, पुंजाजींचं नाव होतं, आणि पुढं एवढंच होतं: मुलगी. त्या काळी कोतवाल नाव लिहीत नसे.

ऑफिसातला बाबू म्हणाला, "मुलगी हाये. पन ही मुलगी तूच कायच्यावरून?"

"मंग माया भाऊ अन् मी एकाच दिवशी कसे जलमलो? त्याचीबी तारीख तेच हाये."

"जुळे असान."

"साहेब, रेडिओवर सांगतलं का अडतीस लोकं—"

"रेडिओचा दाखला चालत नाई, बाई." पण माणूस वाईट नव्हता. त्यानं नियमाचं पुस्तक उघडलं. नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत तारीख बदलता येते, नंतर नाही. एक वाट मात्र होती. चूक दुसऱ्या कुणाच्या हलगर्जीनं झाली असेल आणि ते सिद्ध झालं तर वरचे साहेब विचार करू शकतात. "ज्यानं लिवली त्याच्याकडून लिहून आना का अंदाजानं लिवली. गुरुजी हायेत ना अजून?"

गुरुजी होते. गुरुजी माझ्याच घरात होते, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, सकाळच्या उन्हात खाटेवर बसून पेपरातल्या चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त करत.

जिजाबाई मार्चात आली. त्यांच्या पाया पडली, खाली बसली, सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढला आणि हसले.

"मले याद हाये. तुहा हात पोचतच नव्हता कानाले. तुह्या भावानं कोपर धरून वढला, तवा बोट लागलं."

तिच्या तोंडावर जे आलं ते मी बघू शकलो नाही. चोपन्न वर्षांनी एका माणसानं तिच्या बाजूनं साक्ष दिली होती. "मंग तेवढंच लिहून द्या, गुरुजी. दोन वळी."

बाबांनी चष्मा परत लावला. "नाई."

"काहून जी?"

"माह्या अक्षरावर किती लोकायच्या नोकऱ्या झाल्या, पेन्शनी चालू हायेत, तुले मालूम हाये का? मी एक तारीख खोटी म्हनली तं कोनीबी उठन आन् म्हनन, मंग बाकीच्यायचं काय? सगळ्या उकरतीन. एका पोरीसाठी मी अख्खं रजिस्टर जाळू?"

हे बोलताना ते तिच्याकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते.

आता माझ्या चौदा ऑगस्टचं सांगतो. दिवस खरा आहे. साल खोटं आहे. माझा जन्म त्रेसष्टचा. बाबा मला वर्गात घेऊन जात, मी तीन वर्षं बिननावाचा पुढच्या रांगेत बसलो, पाढे म्हटले, पण नाव मात्र त्यांनी सावकाश, एकाहत्तर साली घातलं आणि साल दोननं पुढं ढकललं. पुढं पोराला नोकरी लागेल, दोन वर्षं जास्त मिळतील, हा हिशोब त्यांनी मी आठ वर्षांचा असताना केला. लोकांच्या पोरांना कान धरायला लावून एक जून, आणि स्वतःच्या पोराला विचारपूर्वक चौदा ऑगस्ट. आपला तो बाब्या! त्या चोरलेल्या दोन वर्षांतच मी मुख्याध्यापक झालो. दारावरची पाटी, गावातला मान, वाढीव पेन्शन, सगळं त्यातलं.

आणि जिजाबाईला हे माहीत होतं. तिची आई आमच्याकडं भाजी घालायची, माझ्या जन्माला खसखस तिनंच आणून दिली होती. जिजाबाईनं शाळेतल्या रजिस्टरात माझ्या नावावर बोट ठेवलं होतं तेव्हाच ते क्षणभर थांबलं होतं.

ती उठली, माझ्याजवळ आली, आवाज लहान केला. "दादा, गुरुजी म्हातारे झाले, त्यायचं सोडा. तुमी हेडमास्तर होते. तुमी लिहून द्या का गुरुजी तारखा अंदाजानं लिवत. तुमची स्वतःची कशी लिवली ते तुमाले मालूमच हाये. तुमचं कोनीबी मानन."

मी म्हणालो, "पाहतो."

आमच्या भाषेत नाही म्हणायला यापेक्षा सभ्य शब्द नाही. तिला तो कळला असणार. तरी ती एप्रिलात एकदा आली, मेच्या सुरुवातीला एकदा आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी घरात होतो आणि बायकोला सांगितलं, वाशिमला गेलेत म्हण. माझ्या चपला दारातच होत्या. ती चपलांकडं बघून परत गेली, असं बायको म्हणाली.

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. एकदा कागद घेऊन बसलो. मी खाली सही करणार, वगैरे चार ओळी छान उतरल्या. पाचव्या ओळीत, मला हे कशावरून माहीत, ते लिहायचं होतं. तिथं पेन थांबलं. पेन्शनवाले परत मागतील का, किती मागतील, पेपरात येईल का, बाबांना या वयात कोणी चौकशीला बोलावेल का. सगळे प्रश्न खरे होते आणि एकाचंही उत्तर मी कुणाला विचारलं नाही. कागद फाडला. तेरी भी चूप, मेरी भी चूप. फरक इतकाच की ती गप्प नव्हती, तिला ऐकणारं कोणी नव्हतं.

एकतीस मेला शनिवार आला, ऑफिसं बंद. म्हणून निरोपाचा कार्यक्रम तीसला, शुक्रवारीच उरकला. तिच्या आठशे बावन्नात तो एक दिवस आणखी गेला. तालुक्याच्या सभागृहात वेगवेगळ्या खात्यांतले सात जण एकत्र निवृत्त होत होते. सातही जण एक जूनचे. सूत्रसंचालक म्हणाला, "काय योगायोग आहे बघा!" आणि टाळ्या झाल्या. जिजाबाई पहिल्या रांगेत हिरव्या लुगड्यात बसली होती, ती हसली नाही.

मंचावर प्रमुख पाहुणा म्हणून मी होतो. होय, मीच. निवृत्त मुख्याध्यापक, गावातला माणूस, बोलायला बरा. मी जिजाबाईवर पंधरा मिनिटं बोललो. तिची शिस्त, तिची नोंदवही, वासराची तारीख वेळेसकट लिहिण्याची सवय. "अंदाजे हा शब्द त्यांच्या रजिस्टरात सापडणार नाही," असं मी म्हणालो. माझ्या तोंडाला लाज नव्हती. लोकांना भाषण फार आवडलं.

मग सत्कार. नाव पुकारलं, ती वर आली. मी तिच्या हातात साडी ठेवली, नारळ ठेवला. आता ती वाकणार, नेहमीसारखी पाया पडणार, म्हणून मी सवयीनं आशीर्वादाचा हात थोडा पुढं केला.

ती वाकली नाही. साडी-नारळ पोटाशी धरून ताठ उभी राहिली. माईक जवळच होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

"दादा," ती म्हणाली, "कागदावर मी तुमच्याहून अडीच महिन्यानं मोठी हाओ. आजवर मी पडली. आज तुमी पडा."

सभागृह हसलं. लोकांना वाटलं रेडिओबाईनं जाता जाता एक आकडा टाकला. कोणीतरी ओरडलं, "पडा सर, पडा! मान हाये मोठ्या बहिनीचा!" मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिथं हसू नव्हतं, राग नव्हता. ती वाट बघत होती. अजूनही मी सरळ उभा राहून म्हणू शकलो असतो की ही माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, मला माहीत आहे, कारण माझी तारीख खोटी आहे. माईक चालू होता. ऑफिसातला तो बाबूही समोर बसला होता.

मी वाकलो आणि तिच्या पायांना हात लावला. लोकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या.